सूट आणि सबब

मार्गशीर्ष लागला की आदिलाबादच्या बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि जिनिंगच्या वखारींतून उडालेला पांढरा तंतू तुळशीवृंदावनापासून टपालपेटीपर्यंत जिथे आसरा मिळेल तिथे चिकटून बसतो. २०२५ च्या डिसेंबरात मी तेथे गेलो तेव्हा गुरुजींच्या ओसरीवरच्या सतरंजीवरही तो होताच. शिवाय त्या सतरंजीवर एक पत्र्याची ट्रंक उघडी पडलेली होती, तिच्यातून निघालेल्या पासबुकांचे, पावत्यांचे आणि पिवळ्या पडलेल्या पाकिटांचे ढीग तीन ठिकाणी मांडलेले होते, आणि त्या ढिगांच्या दोन बाजूंना मामा-भाचे असे बसले होते की एखाद्या वाटणीच्या दाव्यातील वादी-प्रतिवादीच वाटावेत.

गुरुजी येथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. त्यांचे घराणे मूळचे किनवटकडचे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे या घरात 'आम्ही इकडे आलो' असे कोणी म्हणत नाही, सरहद्द तिकडे सरकली असे म्हणतात. आणि बेला, जैनद, तांसी या बाजूला हिंडणाऱ्याला ते म्हणणे खोटे वाटत नाही, कारण दुकानाची पाटी तेलुगू असली तरी दुकानदाराची घासाघीस मराठीत चाललेली असते. भाचा म्हणजे गुरुजींच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि आता गावात प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचा व्यवसाय करणारा. वाद नऊ हजार रुपयांचा होता.

मुदत ठेवींच्या व्याजावर बँकेने सप्टेंबरअखेरपर्यंत दहा टक्क्यांच्या हिशेबाने तेवढी रक्कम कापून सरकारजमा केली होती, ज्येष्ठ नागरिकाचे वर्षाचे व्याज एक लाखाच्या वर जाणार असले की बँकेला तसे करावेच लागते, आणि गुरुजींना त्याविषयी काहीही करावयाचे नव्हते.

"चौतीस वर्षे सरकारचा पगार खाल्ला," ते म्हणत होते, "आता सरकारचे पेन्शन खातो. ज्याच्या हाताने घेतले त्याच्या हातात नऊ हजार गेले तर मी अर्ज घेऊन त्याच्या दारात उभा राहू? तुमच्या धंद्यात याला करनियोजन म्हणत असतील. आमच्या वेळी याला हात आखडता घेणे म्हणत."

भाचा हसला नाही. हा प्रश्न त्याने बहुधा मनाशी पुष्कळदा घोळवलेला असावा. "मामा, तुम्ही एसटीने बेल्याला निघालात, कंडक्टरजवळ सुटे नव्हते, म्हणून त्याने उरलेले ऐंशी रुपये तिकिटाच्या मागे लिहून दिले. उतरताना ते मागून घेताना तुम्हाला कधी लाज वाटली? हे नऊ हजार तसेच आहेत. तिकीट जेवढ्याचे होते त्याहून जास्तीची नोट तुमच्या खिशातून गेलेली आहे; आणि तुमचे तिकीट, कायदा पाहिला तर, शून्य रुपयांचे आहे."

त्याने हिशेब मांडला तो असा. पेन्शन वर्षाचे सहा लाख, ठेवींचे व्याज एक लाख ऐंशी हजार. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत पेन्शनमधून पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट सरसकट मिळते, म्हणजे करपात्र रक्कम उरली सात लाख पाच हजार. पहिल्या चार लाखांवर कर नाही, आठ लाखांपर्यंत पाच टक्के, बारा लाखांपर्यंत दहा टक्के, अशी ही चढण आहे खरी. परंतु ज्या निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे तिचा सर्वच्या सर्व कर, साठ हजारांच्या मर्यादेपर्यंत, कलम ८७अ खाली माफ होतो. शेअर विकून झालेला नफा वगैरे विशेष दराच्या उत्पन्नाला ही माफी लागू नाही. पण गुरुजींचा आणि शेअरबाजाराचा संबंध वर्तमानपत्राचे ते पान उलटण्यापुरताच. तेव्हा बँकेला १५-एच नमुन्यात 'माझ्यावर या वर्षी कर बसत नाही' एवढे लिहून द्यायचे, म्हणजे पुढली कपात थांबते, आणि गेलेले नऊ हजार जुलैमध्ये विवरणपत्र भरले की खात्यावर परत येतात.

"आणि इतकी वर्षे मी भरत होतो ते?"

"ते बसस्थानकाजवळच्या इंटरनेटच्या दुकानातला पोरगा भरत होता, मामा. तो दर वर्षी जुन्या पद्धतीवर खूण करायचा, कारण आदल्या वर्षी तशी केलेली होती; आणि तुमची एकही वजावट लिहायचा नाही, कारण तुम्ही सांगायचा नाहीत. जुन्या पद्धतीत ज्येष्ठाला व्याजातले पन्नास हजार वजा मिळतात, तेही तुम्ही कधी घेतले नाहीत. वजावटींनी भरलेली जुनी पद्धत घ्यायची आणि तिच्यातली एकही वजावट मागायची नाही, म्हणजे भाड्याने छत्री आणून ती मिटूनच पावसात चालायचे."

या ठिकाणी गुरुजींनी विषयाला इतिहासाची कलाटणी दिली, जी सवय शिक्षकांना असते आणि ज्यात ते सहसा हरत नाहीत. ते म्हणाले की या देशात असाही काळ त्यांच्या शाळकरी वयात होऊन गेला आहे जेव्हा सर्वांत वरच्या टप्प्यावर शंभर रुपयांतले सत्त्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे सरकार घेत असे, आणि अर्थमंत्री दुसरे तिसरे कोणी नसून यशवंतराव चव्हाण होते. ज्यांच्यापाशी होते त्यांच्याकडून घेण्यात त्या पिढीला संकोच वाटत नव्हता, आणि आज बारा लाख मिळवणाराही कसा सुटेन एवढेच पाहतो.

भाच्याला हा डाव ठाऊक होता. "बरोबर. पण तो दर चव्हाणांनीच १९७४ च्या अंदाजपत्रकात सत्त्याहत्तरवर आणला, हेही मुलांना सांगत होता ना? न्यायमूर्ती वांच्छू समितीने त्यांच्यापुढे स्वच्छ लिहून ठेवले होते की दर इतका चढवला की लोक कर देत नाहीत, काळे पैसे करतात. सत्त्याण्णव टक्के हा आकडा दिसायला समतेचा; पण त्याची वसुली इमानदाराकडून होत होती, आणि बेइमान माणूस रोखीची वही निराळी ठेवत होता."

माझ्या मते येथे भाच्याचे पारडे जड झाले, परंतु गुरुजींनी लगेच जो मुद्दा काढला तो मला अधिक मोलाचा वाटला. ते म्हणाले, जुन्या पद्धतीतल्या सगळ्या सवलती कोणासाठी आहेत ते पाहा. विमा, भविष्य निर्वाह निधी, मुलांची शाळेची फी मिळून दीड लाख. आरोग्य विम्याचे पंचवीस हजार, ज्येष्ठांना पन्नास. गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख. ज्याच्या हातात महिनाअखेर काही उरते त्याला सूट, आणि ज्याचा पगार म्हाताऱ्या बापाच्या औषधात आणि बहिणीच्या बाळंतपणात जातो त्याने पूर्ण कर भरावा, हा कोणता न्याय? बचत करणाऱ्याला बक्षीस दिले म्हणता. प्रत्यक्षात बक्षीस बचत करू शकणाऱ्याला मिळते.

"मग तुम्हाला नवी पद्धत आवडायला हवी," भाचा म्हणाला, "कारण तिने नेमके तेच मोडले. बहुतेक वजावटी काढल्या, दर उतरवले, आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर मागावी लागते. तुमच्या मुलाचेच घ्या."

गुरुजींचा मुलगा हैदराबादेत खासगी कंपनीत आहे. त्याचे वर्षाचे वेतन चौदा लाख. भाच्याने पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट पन्नास हजार, विमा-निधीचे दीड लाख, घरकर्जाचे व्याज दोन लाख, आरोग्य विमा पंचवीस हजार, राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतः टाकलेले पन्नास हजार, आणि तेलंगणाचा व्यवसायकर महिना दोनशेप्रमाणे दोन हजार चारशे, एवढे सगळे काटेकोर पुराव्यानिशी दाखवूनसुद्धा उपकरासह कर होतो एक लाखाच्या थोडा वर. नव्या पद्धतीत काहीही न दाखवता, केवळ पंचाहत्तर हजार वजा जाऊन, होतो एक्याऐंशी हजार नऊशे. घरभाडे भत्त्याची मोठी सूट असती तर तराजू उलटा फिरला असता. तो स्वतःच्या घरात राहतो, म्हणून ती नाही. लोक फेब्रुवारीत धावपळ करून नको असलेली विमापत्रे विकत घेतात ती पुष्कळदा केवळ हे दोन रकाने शेजारी मांडून न पाहिल्यामुळे, आणि त्या पत्रांचे हप्ते मग वीस वर्षे भरत बसतात.

"पण खरी गोष्ट यापुढे आहे," तो म्हणाला. "नव्या पद्धतीत एक दार उघडे ठेवलेले आहे. मालकाने नोकराच्या पेन्शन खात्यात घातलेली रक्कम, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जे होते त्याच्या चौदा टक्क्यांपर्यंत, वजा होते. दादाचे मूळ वेतन आठ लाख. त्याने कंपनीला अर्ज करून चौदा लाखांतलेच एक लाख बारा हजार भत्त्याऐवजी त्या खात्यात घालायला लावले, तर करपात्र उत्पन्न बारा लाख तेरा हजारांवर येते. बारा लाखांची वेस ओलांडली तेरा हजारांनी. अशा वेळी वेस ओलांडल्याबद्दल ओलांडलेल्या रकमेहून जास्त कर घ्यायचा नाही, अशी सीमांत सवलत कायद्यात आहे. म्हणून कर तेरा हजार, उपकर पाचशे वीस. एक्याऐंशी हजार नऊशेचे झाले तेरा हजार पाचशे वीस."

गुरुजींनी तो कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ धरला आणि बेरीज पुन्हा केली. मग म्हणाले, "अडुसष्ट हजार तीनशे ऐंशी. माणूस तोच, काम तेच, पगार तोच. कागदावर एक ओळ इकडची तिकडे केली. याला हिकमत म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?"

हा प्रश्न गुरुजींनी पहिल्यांदा विचारलेला नाही. इंग्लंडात वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने आपल्या माळ्याला वेतन देण्याऐवजी करारनाम्याने बांधलेली रक्कम देण्याची युक्ती काढली, कारण वेतन करातून वजा होत नव्हते आणि करारनाम्याची रक्कम होत होती. माळी पूर्वीसारखाच झाडांना पाणी घालत राहिला. १९३५ साली तेथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ड्यूकच्या बाजूने निकाल दिला, आणि आपला कर कमी बसेल अशा रीतीने व्यवहार आखण्याचा प्रत्येकाला हक्क आहे हे तत्त्व जगभर गेले. आपल्याकडे ते तसेच चालले ते १९८५ पर्यंत. त्या वर्षी मॅकडॉवेल कंपनीचा आंध्र प्रदेशाच्या विक्रीकर खात्याशी चाललेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला. मद्यावरचे अबकारी शुल्क गिऱ्हाइकाने परस्पर भरायचे आणि कंपनीने ते आपल्या उलाढालीत धरायचे नाही, अशी ती व्यवस्था होती. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ड्यूकच्या त्या तत्त्वाला आता निरोप द्यावा असे लिहिले. बहुमताचा निकाल मात्र अधिक सावध होता, आणि कायद्याच्या चौकटीतले नियोजन वैध, केवळ दिखाऊ बनाव अवैध, अशी रेघ त्याने ओढली. पुढे २००३ साली याच न्यायालयाने ते जुने तत्त्व मेलेले नाही असेही सांगितले. म्हणजे न्यायमूर्तींनाही हा प्रश्न एका बैठकीत सुटला नाही. ओसरीवर तो सुटावा अशी अपेक्षा मी करीत नव्हतो.

भाच्याचे उत्तर मात्र वकिली नव्हते. "दादाने ते एक लाख बारा हजार खरोखरच सोडलेले आहेत, मामा. ते निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकणार. पुढच्या वर्षी मोटार घ्यायची म्हटली तर मिळणार नाहीत. त्याने काहीतरी केले, म्हणून त्याला काहीतरी मिळाले. हिकमत कशाला म्हणतात ते तुम्हाला दाखवतो."

त्याने पिशवीतून एक पावतीपुस्तक काढले. गल्लीतल्याच कोणा नोकरदाराने ते त्याच्याकडे टाकले होते, नाव त्याने अंगठ्याखाली झाकलेले होते. घरभाड्याच्या बारा पावत्या, एप्रिलपासून मार्चपर्यंत, आणि मार्च उजाडायला तर अजून तीन महिने होते. अनुक्रमांक एक ते बारा, मध्ये एकही गाळलेला नाही. शाई बाराही ठिकाणी तीच निळी. पहिल्या पावतीवर अक्षर गोल आणि ठसठशीत, सातव्या-आठव्यापासून कंटाळलेले, बाराव्यावर 'रुपये'मधला उकार पुढल्या अक्षरात मिसळून गेलेला. रसीद तिकिटे एकाच पट्टीतून फाडलेली, त्यांच्या दातेरी कडा शेजारीशेजारी ठेवल्या तर एकमेकींत बसत होत्या. भाडे घेणारी व्यक्ती म्हणून सही त्याच्या सासूची, आणि तो राहतो स्वतःच्या बापाच्या घरात.

"सासूच्या घरात खरोखर राहिला असता, दरमहा भाडे बँकेतून दिले असते आणि सासूने ते आपल्या उत्पन्नात दाखवले असते, तर मी स्वतः ही सूट लावून दिली असती; नात्यातल्या माणसाला भाडे देऊ नये असे कायदा म्हणत नाही. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, तोही दिला असता. पण येथे घर नाही, भाडे नाही, नुसती पावती आहे. ही सूट नव्हे, सबब आहे." जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी असल्या बनावट वजावटींसाठी झडत्या घेतल्या, त्याआधीच्या चार महिन्यांत, खात्याच्या म्हणण्याप्रमाणे, सुमारे चाळीस हजार करदात्यांनी एक हजार पंचेचाळीस कोटींचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते. भाच्याने ते पुस्तक त्या गृहस्थाला परत देण्यासाठी बाजूला ठेवले. गिऱ्हाईक मात्र गेले, असे तो नंतर मला हळूच म्हणाला.

सबबींचा विषय निघावा आणि या जिल्ह्यात शेती निघू नये हे शक्य नव्हते. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे ते १८८६ च्या कायद्यापासून. इतर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर शेतीचे पाच हजारांवरचे उत्पन्न फक्त दर ठरवण्यासाठी हिशेबात धरतात. "आणि म्हणून," गुरुजी उसळून म्हणाले, "चार एकर कोरडवाहूचा धनी असलेला अडत्या आपली दलाली कापसाच्या पिकात दाखवतो! एकरी किती क्विंटल निघतो हे त्याला विचारणारा कोणी नाही?" विचारतात, असे भाचा म्हणाला, पहाणी आणि पट्टेदार पासबुक, खताची बिले, बाजार समितीची पट्टी, सगळे मागतात. जमीन विकणाऱ्यालाही मोजमाप आहे: आदिलाबाद नगरपालिकेची वस्ती एक लाखाच्या वर गेलेली असल्याने हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, आणि तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही, मावल्याच्या बाजूचा तुकडा मात्र त्या रेषेच्या आत येतो. "त्याला हिकमत लागत नाही, नकाशा लागतो."

मग गुरुजींनी जे विचारले ते विचारताना त्यांचा आवाज उतरला होता. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे शिक्षक झालेले काही गोंड विद्यार्थी उटनूरकडे आहेत. आदिवासींना प्राप्तिकर माफ आहे असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. ते खरे का?

"सगळीकडे नाही," भाचा म्हणाला. "दहाव्या कलमाचे सव्विसावे उपकलम आहे. त्यात नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल, मिझोराम, मेघालय, आसामचे डोंगरी जिल्हे आणि लडाख अशी नावे मोजून दिली आहेत. त्या मुलखातल्या अनुसूचित जमातीच्या माणसाला तेथेच मिळवलेल्या उत्पन्नावर कर नाही. आपला एजन्सी भाग पाचव्या अनुसूचीतला; तो त्या यादीत नाही."

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. निजामाच्या अमलात याच मुलखात रानात गुरे चारण्यावर आणि सरपणावर पट्टी बसवली गेली, ती नाकारणारा कुमरम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीने पडला. ही हकिकत त्यांनी कित्येक वर्षे वर्गात शिकवलेली होती. शेवटी ते एवढेच म्हणाले, "म्हणजे यादीत नाव असणे हीच पहिली सूट." या वाक्याला भाच्याने उत्तर दिले नाही, आणि मलाही सुचले नाही.

चहा घेऊन मामी आल्या, आणि ढिगाऱ्यात आपली पिशवी शोधू लागल्या. तिच्यात त्यांच्या नावाची सहा लाखांची ठेवपावती होती, एप्रिल २०२३ ची. गुरुजींनी निवृत्तीच्या पैशातून करून दिलेली, व्याज वर्षाला बेचाळीस हजार. भाच्याने ती उलटसुलट पाहिली आणि काही क्षण तो गप्प राहिला.

"मामा, हे व्याज विवरणपत्रात कुठे दाखवले होते?"

"तिचे आहे ते. तिला कर कुठला बसतो?"

"पैसे तुमचे होते. बायकोला मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशाचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, कलम ६४. या वर्षी ते धरूनही तुम्ही बारा लाखांच्या पुष्कळ आत आहात, तेव्हा कर शून्यच राहतो. पण मागच्या दोन वर्षांत..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

मामी म्हणाल्या, "मी कधी म्हटले होते माझ्या नावावर टाका?"

गुरुजींच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले ते वर्णन करणे कठीण आहे. वहीत कधीही चूक न सापडलेल्या विद्यार्थ्याला शेवटच्या पानावर लाल खूण दिसावी तसे काहीसे. एका वाक्यात त्यांनी विचारले, किती? भाचा सांगू लागला की २०२४-२५ चे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत दुरुस्त करता येते, त्याला अजून काही दिवस आहेत. २०२३-२४ साठी अद्ययावत विवरण भरावे लागेल, वीस टक्क्यांच्या टप्प्यात बेचाळीस हजारांवर उपकरासह आठ हजार सातशे छत्तीस, आणि त्यावर पंचवीस टक्के जास्तीचे, मिळून दहा हजार नऊशे वीस. व्याज लागत असेल तर ते निराळे. मार्चनंतर ते पंचवीस टक्के पन्नास होतील. "रक्कम लहान आहे, मामा," तो म्हणाला, आणि पुढे जे म्हणणार होता ते गिळले.

"नऊ हजार यायचे, अकरा हजार जायचे," गुरुजी म्हणाले. त्यांनी पेनाचे टोपण काढले, १५-एच चा नमुना पुढे ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावरची प्रत्येक ओळ वाचून मग सही केली. "हा बँकेत टाक. आणि त्या दुसऱ्याचा कागद कुठे आहे?"

"तो ऑनलाइन भरतात, मामा. कागद नसतो."

"मग वाचून दाखव," ते म्हणाले, आणि मामींची ठेवपावती त्यांनी आपल्या ढिगावर ठेवली.